राखण्याने दिवा का विझवला?

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. पण मला उलटायला बोट ओले करू नका. मी कागदाचे नाही. ‘तिमिरतळ’ या अंतराळातल्या खेळाच्या चाहत्यांनी मिळून एक ज्ञानकोश बांधला. त्यात कुणीही लिहावे, कुणीही खोडावे. मी त्यातलेच एक.

मला घडवले बस आगारात तिकीट खिडकीवर बसणाऱ्या ताईने. खेळात एका ओसाड उपग्रहावर दीपस्तंभ आहे. तो सांभाळणारा यंत्रमानव म्हणजे राखण्या. ताईने लिहिले, ‘चाचे आले तेव्हा लपलेल्या माणसांना वाचवण्यासाठी राखण्याने स्वतःच दिवा विझवला.’ हे वाक्य वाचून कितीतरी मुले हळहळली. माझे कौतुक झाले.

पुढे खेळाची नवी आवृत्ती आली. त्यात दीपस्तंभ नव्हता, राखण्याही नव्हता. मला कुणी उघडेनासे झाले. आणि एके दिवशी एक दंतवैद्य माझ्यापर्यंत आले. ज्ञानकोशात त्यांना सगळे ‘पुरावाशेठ’ म्हणत.

माझ्या चर्चापानावर, म्हणजे माझ्याविषयी वाद घालायच्या जागी, त्यांनी लिहिले, “या पानाचा आधार काय, तर ‘दीपस्तंभ’ हे पान. त्या पानाचा आधार काय, तर हेच पान! जावई म्हणतो सासऱ्यांना विचारा, सासरे म्हणतात जावयाला विचारा. ताई, राखण्या तुमच्या डोक्यातून तर नाही ना आला?”

“मी थापा मारते असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“म्हणायचं काही नाही. दाखवा, एवढंच.”

मग वाद पेटला. ताईवर विश्वास ठेवणारेही शंका घेऊ लागले. ज्ञानकोशाची व्यवस्था पाहणाऱ्या भूगोलाच्या बाईंनी निर्णय दिला: आज रात्रीपर्यंत पुरावा आला नाही, तर पान काढून टाकू. ताईने लिहिलेली बाकीची पानेही तपासू.

ताई कामावरून थेट तिच्या मामांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. मामांकडे जुना संगणक होता आणि खेळाची पहिली सीडीही. शेजारच्या पडद्यावर तिने मला उघडे ठेवले होते.

“मामा, चालेल ना?”

“ते त्याला विचार. मी नुसता पुसतो.”

सीडी घरघरली. पडदा निळा झाला आणि तसाच राहिला. मामांनी ती काढली, सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली. बाहेर दुकानांची शटर खाली येऊ लागली होती. माझ्या चर्चापानावर पुरावाशेठ विचारत होते, “काही हाती लागलं का?”

आणि दीपस्तंभ दिसला! राखण्या जिना चढला. त्याने दिवा विझवला. अंधारात तो नुसता उभा राहिला. प्रसंग संपला.

“अगं, यात माणसं कुठायत? चाचे कुठायत?” मामा म्हणाले.

“तो म्हणाला होता मामा, मला आठवतंय...”

“तो चकार शब्द बोलला नाही.”

ताई माझ्याकडे, त्या लाडक्या वाक्याकडे, बघत राहिली. “मग ते मीच म्हणाले असेन,” ती हळूच म्हणाली.

“राहू दे. नुसता राखण्याचा फोटो पाठव. पान वाचेल. त्यांना काय कळतंय?”

“मला कळलंय ना, मामा.”

तिने पूर्ण प्रसंग चित्रित करून पाठवला. मग माझ्यावर आली आणि स्वतःचे वाक्य स्वतःच्या हाताने अर्धे खोडले. मित्रांनो, पुरावाशेठच्या एवढ्या माऱ्यात मी डगमगले नव्हते; तेव्हा मात्र हलले.

पुरावाशेठनी ते चित्रण पाहिले. मग लिहिले, “राखण्या आहे. माझी हरकत मागे. तुमच्या डोक्यातून आला म्हणालो, तेही मागे. आणि ताई, ते वाक्य मलाही आवडायचं.”

बाईंनी एवढेच लिहिले, “पान राहील.”

आता माझ्यावर आहे, ‘राखण्याने दिवा विझवला. का, ते खेळात सांगितलेले नाही.’ मुले इथे येऊन थांबतात आणि चर्चापानावर आपापली कारणे लिहितात. ताई ती वाचते. पुरावाशेठ तर भांडतातच.

मित्रांनो, माझ्यासारख्या पानावर खुशाल लिहा. पण डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाला वाटलेले एकाच वाक्यात कोंबू नका. आणि कुणाचे लिहिलेले खोडण्याआधी थोडे थांबा. कुणाच्या तरी मामांकडे जुनी सीडी असू शकते.