जाळ्याचा रंग आणि माझा रंग

मित्रांनो, मी एक जुना जांभळा बटाटा आहे. बटाटा जुना कसा, असं तुम्ही विचाराल. माझा डोळा असलेला तुकडा मातीत पुरला की त्यातून पुन्हा मीच उगवतो. म्हणून १९३१ सालची, समुद्रकाठच्या थळ गावची हकिकत मला आजही नीट सांगता येते.

अलीमियाँ व्यापाऱ्यांच्या गलबतातून मी तिथं उतरलो. त्यांनी मला कोळ्यांच्या राहीला बियाणं म्हणून दिलं. तिची सासू सोनूबाई म्हणाली, "परसातला कोपरा घे. खाण्याजोगं पीक आलं तर कोपरा तुझा. न्हाय तर तिथं माझे बोंबील वाळतील."

थंडीत मी जोमानं वाढलो. राहीनं पहिले बटाटे काढून सालीसकट उकडले, तर पाणी जांभळं झालं. सोनूबाईनं झाकण उचललं आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. थळला मासे धरायची सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून रंगवत. त्यासाठी वेगळा हंडा असे.

"जाळ्याच्या हंड्यात शिजवलंस?"

"न्हाय, आत्या. त्या हंड्यात अजून जाळंच हाय. तुमच्याच लेकाचं."

"मंग पाण्याला रंग आला कुठनं, आभाळातनं? उद्या कोपरा साफ कर."

राही वाद घालत बसली नाही. तिनं एक बटाटा मातीतून उपटला, सासूसमोर धुतला आणि विळीवर चिरला. मी पार आतपर्यंत जांभळा होतो. सोनूबाईला तेवढंही पुरलं नाही. तिनं स्वतः माझ्यावर लिंबू पिळलं. माझा जांभळा रंग लालसर झाला.

"जाळ्याचा रंग लिंबानं असा बदलत न्हाय," ती हळूच म्हणाली.

बदलणार कसा? तो झाडाच्या सालीचा, आणि माझा हा रंग मी स्वतः तयार करतो. जांभळाच्या फळात असतो त्याच कुळातला. पांढऱ्या बटाट्यात तो तयार होत नाही. पिवळ्यात असतो तो गाजराच्या रंगाचा भाऊबंद. जशी जात, तसा रंग. उन्हात पडून हिरवा झालेला बटाटा मात्र वेगळा. तो विषारी असतो, तो खुशाल टाका.

सोनूबाईनं उकडलेली फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि दुसरी फोड उचलली. बोंबील वाळवायच्या काठ्या तिनं परसाच्या दुसऱ्या बाजूला रोवल्या.

मित्रांनो, रंग वेगळा दिसला म्हणून मला फेकू नका. आधी चिरून पाहा. आणि आवडलो तरी सगळा संपवू नका. राहीनं एक बटाटा वाळूत जपून ठेवला होता, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.