गव्हर्नरसाहेबांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे आणि एके काळी या देशाचा व्याजदर मी ठरवला आहे. हसा खुशाल! शेजारच्या खुंटीवरची छत्रीसुद्धा हसते.

साहेबांच्या जुन्या पँटच्या कापडातून बाईसाहेबांनी मला शिवले. साहेब तेव्हा मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. दर रविवारी बाईसाहेब त्यांच्या हाती तीच यादी आणि शंभराची एकच नोट देत. नोटेत बसेल तेवढेच आणायचे, हा साहेबांचा नियम. घरी आले की ते मला ताणकाट्याला अडकवत आणि वजन स्वयंपाकघराच्या दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहीत.

"अहो, सगळ्या देशाचा पैसा सांभाळता आणि घरची भिंत खराब करता?"

"कार्यालयातले आकडे महिन्याने येतात गं. ही पिशवी आजच सांगते."

पहिल्या वर्षी मी सात किलो भरले. मग सहा. मग साडेचार. त्या दुपारी साहेब जेवले नाहीत.

भाव आवरायचे तर व्याजदर वाढवायला हवा होता. कर्ज महागले की लोक हात आखडतात. पण निवडणूक तोंडावर आलेली. अर्थमंत्री स्वतः घरी आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "दर वाढवलात, तर खुर्ची सोडावी लागेल."

साहेबांनी त्या दिवशीच्या बाजारासकट मला काट्याला लावले. "आधी सात. आज साडेचार. नोट तीच."

"पिशवी बघून देश चालवायचा का?"

"देश पिशवी घेऊनच बाजारात जातो, मंत्रिमहोदय."

दर वाढला. पुढे दोन वर्षे भिंतीवर साडेचारच राहिले; घसरण थांबली.

आता माझे कापड विरले आहे. सूनबाई म्हणतात, फाडून फडके करू. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिने काय वाहिले ते विचारा. अहो, दर ठरवायच्या त्या बैठकीत साहेबांनी मला टेबलावर ठेवले, मी नुसते माझे बंद ताठ केले आणि सगळे चिडीचूप! अर्थमंत्र्यांनी उभे राहून माफी मागितली, साहेबांची खुर्ची कायम झाली, टाळ्यांचा असा कडकडाट...

"पुरे गं!" छत्री कडाडली. "तू त्या दिवशी इथेच लटकत होतीस. त्यांच्याबरोबर मी होते. दर वाढवला, राजीनामा लिहिला आणि चालत घरी आले ते. पावसाचा थेंब नव्हता. तरी मला उघडून धरलं होतं, पार डोळ्यांपर्यंत. दार येईपर्यंत मिटलं नाही."