पिओनीचा वाफा

एप्रिलमध्येच डॉक्टरांनी सांगितलं होतं, मायलिसला पुढचा हिवाळा दिसणार नाही. एक्शो गावातल्या त्यांच्या घराच्या अंगणातलं गवत लग्नापासून तीच कापत आलेली. तिच्या नवऱ्याचा, रूनेचा, गुडघा कधीचाच कामातून गेलेला. म्हणून तिनं हट्टच धरला, "गवत कापणारा रोबोट घ्यायचा. आणि मी आहे तोवर घ्यायचा."

अंगण एवढंसं, पण भारी अवघड. पुढचा तुकडा उताराचा, मागचा सपाट, आणि दोन्हींना जोडणारी घराच्या भिंतीलगतची चिंचोळी पट्टी. पट्टीच्या कडेला पिओनीच्या फुलझाडांचा वाफा.

मशीनच्या दुकानातला हाम्पुस पट्टीला मोजायची टेप लावून उठला. "उतार चढेल, पण या पट्टीत अडकेल. कडेनं वायर पुरावी लागते ते मशीन घ्या नाहीतर बिनवायरचं, एवढ्या जागेत कुठलंच वळणार नाही. मागं न्यायला दर वेळी हातानं उचलावं लागेल. नाहीतर हा वाफा काढा."

"काढू," मायलिस म्हणाली.

"अजिबात नाही," रूने म्हणाला. "तुझ्या आईनं लावलेली पिओनी आहे ती."

"आईनं लावली, मी वाढवली. तू काय केलंस? फुलं आली की समोर बसून कॉफी ढोसलीस."

हाम्पुस खाली मान घालून टेप गुंडाळत राहिला.

त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी रूनेनं खिडकीतून पाहिलं, तर मायलिस वाफ्यात गुडघे टेकून बसलेली, हातात फावडं, आणि धाप लागलेली. तो काठी टेकत बाहेर आला.

"अगं, कळ्या धरल्यात. फुलू तरी दे."

"फुलेपर्यंत मी थांबेन, असं तुला कोणी सांगितलं?"

 रूने भिंतीला धरून कसाबसा खाली बसला आणि तिच्या हातातलं फावडं घेतलं. मायलिस जागा दाखवत होती, तो खणत होता. दुपारपर्यंत सगळे गड्डे शेडमागं लावून झाले.

मशीन आलं तेव्हा ती घोंगडी पांघरून पायरीवर बसली होती. पट्टीतून ते अलगद मागं गेलं, तशी म्हणाली, "बघ, गेलं की नाही!"

जूनअखेरच्या मिडसमरच्या सणानंतर आठवड्याभरात ती गेली. शेडमागच्या कळ्या न उमलताच काळ्या पडल्या.

ऑगस्टमध्ये शेजारची आस्ता दालचिनीचे पाव घेऊन आली. गवत गालिच्यासारखं दिसत होतं. रूने पायरीवर बसलेला.

"मशीन बरं निघालं का रे?"

"उत्तम आहे. आता कशासाठीच मला उठावं लागत नाही," रूने म्हणाला.

आस्ता त्याच्या शेजारी बसली. बराच वेळ पाव दोघांच्या मध्ये तसेच पडून होते.