खुर्चीची करकर

शेवटी त्यानं भोंग्याला माफ केलं. पण ते घडलंच नाही असं आपण तूर्त धरून चालू, कारण या क्षणी तो ताईच्या चष्म्याच्या दुकानात एका मुलीच्या कानामागे चष्म्याची काडी वाकवून बघत होता, आणि माफीबिफी त्याच्या डोक्याच्या आसपासही फिरकत नव्हती. मुलीच्या टीशर्टवर मोठ्या अक्षरांत 'चार जण' असं छापलेलं होतं.

"घट्ट होतंय?"

"नाही काका."

त्याला तिशीही लागली नव्हती. त्यानं काडी जरा जास्तच वाकवली.

'चार जण' या बँडमध्ये आता तिघंच होते. भोंगा रॅप करायचा, फ्यूज ठेके बनवायचा, दाढी गिटार वाजवायचा. चौथा हा. भोंग्याच्या प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द भोंग्याबरोबर जोरात म्हणणं, हे याचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते करणारा गेला की ओळी थंडीत उघड्या पडतात, असं त्याचं मत होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला काढलं, आणि ओळींना काहीही झालं नाही. बँडनं नावसुद्धा बदललं नाही. आता 'ओलं प्लास्टर' हा नवा अल्बम आल्यावर एका समीक्षकानं त्यातही अर्थ शोधून काढला होता: चौथा म्हणजे ऐकणारा. हे वाचून त्यानं फोन काचा पुसायच्या फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला होता. मग परत काढला, कारण पुढचा परिच्छेद राहिला होता.

पुढच्या परिच्छेदात ती करकर होती. 'शटर' नावाच्या गाण्यात भोंगा आपल्या वडिलांबद्दल सांगतो. त्यांनी दुकानाचं शटर शेवटचं कसं खाली ओढलं, आणि मग सवयीनं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथं कसे जाऊन उभे राहिले. त्या ओळीवर, मागे कुठंतरी, एकदाच करकर वाजते. समीक्षकाच्या मते ती एका अख्ख्या पिढीच्या सांध्यांतून आली होती. दुसऱ्यानं तिला व्यवस्थेची बिजागरी म्हटलं होतं. चाहत्यांत तर उभे तट पडले होते. काही शटरवाले, काही पाळणावाले, आणि एक छोटा पण कडवा गट, जो ती जुन्या बोटीची डोलकाठी असल्याचं शपथेवर सांगत होता. अल्बममध्ये बोट कुठंच नव्हती.

"तुम्ही ऐकलंय का काका?" मुलगी आरशात बघत म्हणाली. "मी कालच ऐकलं पहिल्यांदा. ती करकर आली आणि अंगावर काटाच आला माझ्या."

"खुर्ची आहे ती."

"काय?"

"लाकडी खुर्ची. मागचा डावा पाय ढिला आहे तिचा."

मुलीनं नव्या चष्म्यातून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू नंबर चुकलाय.

"एवढं सोपं नसतं हो ते," ती समजुतीच्या सुरात म्हणाली आणि निघून गेली.

काउंटरमागून ताईनं मान वर केली.

"गिऱ्हाइकाशी भांडू नकोस रे."

"भांडलो नाही. माहिती दिली."

"अल्बम चांगला झालाय, त्याचा राग आहे का तुला?"

"चांगला नाहीये."

"मग दिवसभर कानात काय घालून बसतोस?"

"खात्री करून घेतोय."

भोंग्याचा हेवा त्याला पूर्वीपासूनच वाटायचा. तो हेवा जुन्या गुडघेदुखीसारखा अंगवळणी पडला होता. पण खुर्चीचा हेवा नवीन होता, आणि तो करायचा कसा हे कुणी शिकवलेलं नव्हतं. अल्बमच्या श्रेयनामावलीत सगळ्यात शेवटी लिहिलं होतं: 'खुर्ची – खुर्ची'. बास. ज्या खुर्चीपायी त्याला घालवलं, ती बँडमध्ये होती. तिला चाहते होते.

बँडची पद्धत अशी, की सराव-खोलीच्या मधोमध एकच माइक, आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. मध्ये कुणी खोकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. हा नियम त्यानंच काढला होता. आणि तोच त्यानं मोडला. एका गाण्याच्या अगदी शेवटाकडे त्याच्याखालची ती खुर्ची करकरली. भोंगा माइकवरून वळून म्हणाला होता, "तुला दोन मिनिटं बूड स्थिर ठेवता येत नाही का? ऊठ." तो उठला, दाराबाहेर पडला आणि त्यानं तिघांनाही फोनवर ब्लॉक करून टाकलं.

येत्या गुरुवारी त्यांचा मोठा कार्यक्रम होता. जाहिरातीत खुर्चीचा फोटो होता, एकटीचा.

मुलगी चष्मा घेऊन गेली त्याच संध्याकाळी त्यानं दुकानातला बारीक स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला, वाटेत लाकडाच्या गोंदाची बाटली घेतली आणि टायरच्या दुकानामागच्या त्या सराव-खोलीकडे निघाला. पाय पक्का चिकटवून टाकायचा. मग वाजवा म्हणावं पिढीचे सांधे.

किल्ली मीटरच्या खोक्यामागे होती, पूर्वीसारखीच. दार उघडलं तर आत भोंगा जमिनीवर पाय पसरून बसला होता. खुर्ची रिकामी होती.

"आलास," भोंगा म्हणाला.

"किल्ली अजून बाहेरच ठेवता?"

"आमच्या तिघांच्या आमच्याजवळ असतात." भोंग्यानं त्याच्या हाताकडे पाहिलं. "गोंद कशाला?"

"असाच."

"चष्मे आता गोंदानं चिकटवता?"

बाटलीचं झाकण उघडून त्यानं पुन्हा लावलं.

"गाण्यात कोण बसलंय?" शेवटी त्यानं विचारलं. दोन वर्षं मनात घोळवलेल्या शिव्यांमधून नेमका हाच प्रश्न बाहेर पडला.

"सगळे बसून बघितले. फ्यूज बसला, दाढी बसला. माझा मेहुणा आणला, तो तर चांगला शंभर किलोचा. पाय मोडेल असं वाटलं. वाजते रे, पण मुद्दाम वाजते. लगेच कळतं." भोंग्यानं नाक चोळलं. "मग तेच जुनं रेकॉर्डिंग वापरलं. तू बिघडवलेलं."

बाहेर टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी 'शटर'च्या ओळी भोंग्यानं कुणाला दाखवल्या नव्हत्या. सरळ माइकवर म्हटल्या. वडील सकाळी पुन्हा दुकानापुढे जाऊन उभे राहिले, हे कानावर पडलं आणि तो नकळत पुढे झुकला. एवढंच झालं होतं.

"मग माझं नाव?"

"तुझा फोन लागतो का कुणाला? आणि लिहिणार काय? बूड – चुळबुळ्या?"

चुळबुळ्या हे त्याचं बँडमधलं नाव. ते ऐकून त्याला हसू येऊ लागलं. ते दाबायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला, पण भोंगा आधीच हसत होता.

"गुरुवारी बसतोस?" भोंग्यानं विचारलं. "स्टेजवर. तू आणि ती."

"आता बघू करून."

तो खुर्चीवर बसला. भोंगा उभा राहिला आणि माइकशिवायच म्हणू लागला. शटर खाली आलं. कुलूप लागलं. रात्र गेली. वडील पुन्हा जाऊन उभे राहिले. तो पुढे झुकला. खुर्ची करकरली.

"मुद्दाम," भोंगा हळूच म्हणाला.

"हो."

"पुन्हा?"

"नको. पाठ झालंय मला. शब्द न् शब्द."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तो काउंटरवर मान खाली घालून लिहीत होता. काल चष्मा नेलेली मुलगी त्याला सारखी आठवत होती. कालच ऐकलं म्हणाली होती. पहिल्यांदा.

"काय लिहितोयस एवढं?" ताईनं विचारलं.

"अर्ज."

"कुणाला?"

"आयोजकांना."

ताईनं कागद ओढून घेतला, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचू लागली.

'विषय: खुर्चीवर बसण्याबाबत. महोदय, अर्जदार गुरुवारच्या कार्यक्रमात सदर खुर्चीवर बसण्यास तयार आहे. श्री. भोंगा यांच्याविरुद्ध अर्जदाराची कोणतीही तक्रार आता शिल्लक नाही. तथापि, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी अर्जदाराने 'शटर' हे गाणे आयुष्यात एकदाही ऐकलेले नसावे, अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून तातडीने करण्यात यावी, ही नम्र विनंती.'