यागोचे दफन

ओचोला सरोवरात गेला, त्याला सहा आठवडे झाले होते. उलटलेली होडी परत आली, जाळे परत आले, बरोबरचे दोघे पोहत काठाला लागले. तो तेवढा आला नाही. ज्याचे प्रेत मिळत नाही त्याच्या जागी यागोच्या झाडाचे फळ पुरायचे, हे त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक होते. त्याच्या आईला, अकेयोलाही ठाऊक होते. अशा दोन दफनांत तिने स्वतः गळा काढला होता.

तिचा दीर ओबिएरो याने फळ आणून अंगणात ठेवले. दुधी भोपळ्यासारखे लांब, करडे, जड.

"हे?" अकेयो म्हणाली. "माझ्या पोराची पोटरीसुद्धा याहून मोठी होती."

"वहिनी, झाडाला काय माणसाच्या मापाची फळं लागतात? पहिलं आणलं, ते वाकडं म्हणालात. दुसरं किडकं." घाम पुसत तो खाली बसला. "आता उरलीत त्यांना माकडंसुद्धा विचारत नाहीत."

चुलीपाशी कुणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले.

अकेयो फळांत खोट काढत नव्हती, दिवस काढत होती. खड्डा बुजला की ओचोला मेला. तोवर तो फक्त आलेला नव्हता.

तेवढ्यात सून अविनो दारात आली. नवऱ्याचे दफन आणि पुढचे विधी होईपर्यंत तिला दुसऱ्या कुणाचा उंबरठा ओलांडता येत नव्हता. पलीकडच्या टेकडीवर तिची आई अंथरुणाला खिळली होती.

"आई," ती म्हणाली, "माहेरी जाता येत नाही, त्याचं मी बोलत नाही. पण मला रडू तरी द्या. मी धड बायको नाही, धड विधवा नाही. रोज सकाळी उठून ठरवावं लागतं, आज कोण व्हायचं."

अकेयोने तिच्याकडे पाहिले. मग ती आत गेली आणि आपल्या चटईखाली जपलेला, अजून माशांचा वास येणारा त्याचा सदरा घेऊन आली. फळाला तिने तो स्वतःच्या हातांनी गुंडाळला आणि एकेक बटण लावले. गळ्याचे बटण त्याला काचत असे. ते तेवढे उघडे ठेवले.

ओचोलाच्या घरासमोर, उजव्या अंगाला, माती पडू लागली. अविनोने फोडलेल्या हंबरड्याने बायका उठल्या, अंगण आक्रोशाने भरून गेले. अकेयोने तोंड उघडले. परक्या मुलांसाठी दोनदा आभाळ फाडणाऱ्या त्या गळ्यातून या वेळी नुसती धाप बाहेर पडली.

"मोकळ्या झालात, वहिनी," ओबिएरो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तिचे पाय किनाऱ्याकडे वळले. होड्या परतत होत्या. सहा आठवडे ती दिसताच कोळी पाण्यातूनच ओरडत, "आजही नाही, मावशी!" त्या शब्दांचा तिला राग येई; त्या शब्दांवरच ती संध्याकाळपर्यंत तगून राही. कारण ज्याच्याबद्दल 'आजही नाही' म्हणायचे, त्याला आधी शोधावे लागते.

आज होडी वाळूला टेकली. माणसे उतरली, टोप्या काढून तिच्यासमोर उभी राहिली. एकाने तिचा हात हातात घेतला, दुसऱ्याने मान खाली घातली. मग सगळे निमूटपणे जाळी झटकू लागले.

ती उन्हे चढेपर्यंत तिथेच उभी होती. "आजही नाही," असे कुणीच म्हणाले नाही.