नंबराचा दगड

शकुबाईचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. वाडीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि शकुबाईला त्याचा थोडा अभिमानही होता. तिच्या नवऱ्याला, कोंडाजीला, कुणी विचारलं की बाई अशी कशी रे तुझी, तर तो म्हणायचा, "मी शिफ्टला असतो, मला काय विचारता."

शहराच्या टोकाला, द्वारका चौकाच्या अलीकडे, आग्रा रोडवरच्या ट्रकांची धूळ जेवणाच्या ताटात येऊन बसते अशा जागी ही वाडी होती. सगळी बौद्धांची घरं, मधोमध छोटा विहार आणि विहाराच्या भिंतीला एकच नळ. एकोणऐंशी सालच्या त्या वैशाखात उन्हाने कहर केला होता. पत्र्यावर घातलेल्या कुरडया बघता बघता कडकडीत व्हायच्या, पोरं बर्फाच्या गोळ्यासाठी भोकाड पसरायची, माणसं दुपारभर ओलं गोणपाट पांघरून पडायची. नळाला पाणी यायचं ते उन्हं कलल्यावर, करंगळीएवढ्या धारेने. रांगेतल्या पुढच्या बायकांचे हंडे भरायचे, मागच्यांच्या वाट्याला नुसती फुसफुस.

म्हणून वाडीत दगडांचा कायदा होता. नळ गेला की बायका दुसऱ्या दिवसासाठी आपापला दगड रांगेत ठेवून घरी जायच्या. हंडा ठेवला तर कुणीतरी उचलतो, दगड कोण नेणार? जिचा तिला बरोबर ओळखू यायचा. शकुबाईचा काळा चपटा, झुंबरबाईचा फुटक्या पाट्याचा तुकडा, यशोदाबाईची अर्धी वीट. नळावर शिव्या चालायच्या, झिंज्या उपटल्या जायच्या, पण दुसरीच्या दगडाला हात लावायचा नाही, हे लहान पोरीलाही शिकवलेलं असे.

त्या दिवशी शकुबाईचा दगड पहिला होता आणि तो पहिला असणं तिला कधी नव्हे इतकं गरजेचं होतं. तिची लेक चंद्रभागा बाळंतपणाला आली होती. बाळ ठणठणीत होतं, पण बाळंतिणीला ताप भरला होता. नर्सबाई सकाळी गोळ्या देऊन बजावून गेली होती, "अंग सारखं ओल्या फडक्यानं पुसा. पाणी उकळून, गार करून पाजत राहा. ताप डोक्यात चढला तर माझ्या हातात काही नाही." आणि नळ आदल्या दिवशी आलाच नव्हता. वाडीमागची विहीर तळाला गेलेली. शेजारच्या यशोदाबाईने आपल्या घरातला शेवटचा तांब्या आणून दिला, तोही दुपारपर्यंत संपला. चंद्रभागा तापात बडबडायला लागली तशी शकुबाईने बाळाला झोळीत टाकलं आणि हंडा उचलून ती नळाकडे निघाली.

रांगेच्या तोंडाशी तिचा दगड नव्हता. तिथे अर्धी वीट होती आणि विटेपाशी कळशी घेऊन यशोदाबाई उभी होती.

"माझा दगड कुठंय?"

"मला काय म्हाईत, शकू. मी आत्ताच आले."

"आत्ताच आली आणि पहिली झाली?"

"अगं, सकाळी मीच तुला तांब्याभर पाणी..."

"तांब्या दिला म्हणून नंबर घेतला व्हय माझा?"

यशोदाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात शकुबाईचा हंडा फिरला. हंड्याचा काठ भुवईवर बसला. कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. यशोदाबाईही काही लोण्याची केलेली नव्हती. तिने कळशी टाकली, शकुबाईचं मनगट धरलं आणि दात रुतवले. दोघी धुळीत पडल्या. सोडवायला धावलेल्या झुंबरबाईला आपलाही दगड दिसेना, तशी तीही हातातली बादली घेऊन मारामारीत उतरली. मग कोण कुणाला मारतंय याचा हिशोब राहिला नाही. बांगड्या फुटल्या, चोळ्या फाटल्या, एकीच्या कानातलं ओरबाडलं गेलं. शकुबाईच्या डोक्यात एकच होतं, पोरीला पाणी नाही आणि या बाईने नंबर चोरला. ती यशोदाबाईचं डोकं जमिनीवर आपटत होती आणि तिला खरोखर तिचा जीव घ्यावासा वाटत होता.

"अगं सटव्यांनो, तिकडं बघा," विहाराच्या पायरीवर बसलेली म्हातारी धोंडाबाई ओरडली. "तुमचे दगड चुलीला लागलेत."

विहाराच्या भिंतीपलीकडे एका व्यापाऱ्याचं गोडाऊन बांधायला काढलं होतं. त्या दुपारीच ठेकेदाराच्या ट्रकमधून पेठ तालुक्याच्या डोंगरातली आदिवासी माणसं कामाला उतरली होती. त्यातल्या चिमणाबाईने वाडी झोपलेली असताना चुलीसाठी तीन दगड शोधले होते. वाटेवर पडलेल्या दगडाला मालक असतो हे तिच्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. नळाकाठचे काळे, सारख्या उंचीचे तीन तिला पसंत पडले. त्यावर आता नागलीची पेज रटरटत होती.

आत्तापर्यंत एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोघी खांद्याला खांदा लावून भिंतीपलीकडे निघाल्या. मारायला तिसरं कुणी मिळालं की आपसातलं कसं चटकन मिटतं. मागून सगळी वाडी आली, पहिल्या पाळीवरून परतलेले दोन-चार बाप्येही आले.

"कुणाचे दगड उचलले गं?"

चिमणाबाईने वर पाहिलं. "वाटंवर पडेल व्हते, बाई. चूल मांडली."

शकुबाईने चुलीला लाथ घातली. मडकं कलंडलं आणि उकळती पेज चिमणाबाईच्या पायावर सांडली. ती किंचाळली, ते ऐकून शकुबाईला चेवच आला. तिने केस धरून तिला उठवलं आणि तोंडावर अशी हाणली की ओठ दातावर फाटला. बाजूचं नागलीचं पीठ कुणीतरी मातीत उधळलं. चिमणाबाईचा नवरा झिपरू घमेलं टाकून धावत आला. त्याला बाप्यांनी फावड्याच्या दांड्याने आडवा केला आणि पडल्यावरही चार हाणले. बाकीची डोंगरातली माणसं विटांच्या थप्पीमागे अंग चोरून उभी राहिली.

"डोंगरातनं यायचं आणि आमच्या नळावर बसायचं," शकुबाई ओरडत होती. "पायरी ओळखून राहायचं इथं."

या गडबडीत नळ येऊन गेला. बायका परतल्या तेव्हा गटार ओलं होतं आणि नळ फुसफुसत होता. झुंबरबाईने तोटीखाली ओंजळ धरली, पण चुळकाभरही पाणी जमलं नाही.

शकुबाई रिकामा हंडा घेऊन घरी आली. चंद्रभागाचं कपाळ तव्यासारखं भाजत होतं. डोळे उघडे होते, पण आईला ती ओळखत नव्हती. शकुबाईने उंबऱ्यावर बसून एकदाच कपाळ बडवून घेतलं. आसपास पाणी उरलं होतं ते एकाच जागी, गोडाऊनच्या कामाला लागणाऱ्या हौदात. तो ठेकेदाराने सकाळीच टँकरने भरला होता. तिथे जाण्यापेक्षा मेलेलं बरं असं तिला वाटलं, पण मरायला टेकली होती ती लेक. तिने हंडा उचलला.

झिपरू डोक्याला फडकं बांधून सावलीत पडला होता. चिमणाबाई हौदाशी भाजलेल्या पायावर पाणी ओतत होती.

"माझी बाळंतीण तापलीय," शकुबाई म्हणाली. "पाणी पाहिजे."

चिमणाबाईने तिच्याकडे आणि रिकाम्या हंड्याकडे पाहिलं. मग लंगडत उठली, पत्र्याचा डबा हौदात बुडवला आणि भरून वर काढला. शकुबाई होती तिथेच उभी राहिली. दोन्ही हातांनी हंडा लांब पुढे धरला आणि मान खाली घातली. चिमणाबाई थांबली. ही बाई पुढे का येत नाही ते तिला कळेना. मग कळलं असं तिला वाटलं आणि तिचा चेहरा बदलला.

"माझ्या हातानं बाटशील का गं?" तिने डब्यातलं सगळं पाणी जमिनीवर ओतून टाकलं. "मंग आलीस कशाला?"

शकुबाईने आपल्या पायांकडे पाहिलं. तिला कुणीही लांब उभं केलं नव्हतं. पाय आपोआप थांबले होते. गावी असताना पाटलाच्या विहिरीवर तिची आई अशीच उभी राहायची आणि पदराला धरून ती. काठावरच्या कुणाला दया आली तर वरून पाणी पडायचं. एकदा पाण्याऐवजी आईच्या पाठीत काठी पडली होती. आज कुणापुढे हात पसरायची वेळ आली आणि हात, मान, पाय सगळं त्या जागी जाऊन उभं राहिलं. शरमेने तिच्या अंगाचा भडका उडाला.

"बाटत नाही गं," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू येईना. "आम्हालाच कुणी जवळ येऊ देत नव्हतं. वरनं पाणी वाढायचे. तशीच उभी राहिले मी, सवयीनं."

चिमणाबाईने ऐकून घेतलं. ओठ सुजल्यामुळे तिला सावकाश बोलावं लागत होतं.

"म्हंजी तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. "ठावं असून मारलंस."

सगळ्या वाडीला पुरून उरणाऱ्या शकुबाईने पुढे धरलेला हंडा खाली ठेवला. चिमणाबाईने डबा हौदाच्या काठावर आपटला.

"घे तुझ्या हातानं. पोरीला पाज."

एवढं बोलून ती विझलेल्या चुलीकडे गेली आणि खाली बसून मातीतलं पीठ बोटांनी वेगळं करायला लागली.

शकुबाईने हंडा भरून डोक्यावर घेतला. चिमणाबाईच्या जवळून जाताना काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं, पाय रेंगाळलेही. पण घरी लेक तापात जळत होती आणि चिमणाबाईने मान वर केली नाही.