माझ्या तोंडात कुंकू

मी पेन ड्राइव्ह बोलतोय, आणि दोषी कोण ते आधीच सांगून टाकतो: गुणाकरबाबू. बालाघाटातल्या एका सरकारी कचेरीतले मोठे बाबू. घरात शेवटचा शब्द त्यांचा. पहिलाही त्यांचाच, मधे कोणी बोलायचं नाही.

मला विकत आणलं त्यांच्या मुलानं, संकेतनं, २००७ साली. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून तो घरी बसून टोमणे खायचा. बाबूंनी जुनी मारुती व्हॅन घेतली, तिच्यात पेन ड्राइव्ह लागणारा टेप बसवला, तेव्हा गाणी भरायचं काम या 'रिकामटेकड्या'कडे आलं. टेप मला ओळखेचना. मग संकेतनं सायबर कॅफेत नेऊन मला पुसून कोरं केलं, टेपला चालेल असं तयार केलं आणि सिनेमाची गाणी भरली. सगळ्यांत शेवटी भरली आईची गाणी.

प्रेमलताबाई भुलाबाईची गाणी फार गोड म्हणायच्या. नागपूरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. म्हणून संकेतनं त्यांना ओट्यापाशीच गाठलं आणि मोबाइलवर गाणी उतरवून घेतली. मधे कुकरची शिट्टी आहे, त्यांचं हसणं आहे, "बस झालं रे, पोळी जळून राह्यली" हेही आहे. मोबाइलमध्ये जागा नव्हती, तिथून त्यानं पुसून टाकलं. उरलं ते फक्त माझ्या पोटात.

गाडीत पहिल्यांदा वाजलं तेव्हा बाबू खेकसले, "बंद कर थे! घरी काय कमी ऐकतो?"

"ऐकता कधी, बाबा? आई गायले लागली का तुम्ही टीव्ही मोठा करता."

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

पुढचं एकट्या मला माहीत. बाबू कचेरीच्या आवारात गाडी लावायचे, काचा वर करायचे आणि सिनेमाची गाणी एकेक पुढं ढकलत शेवटाला यायचे. प्रेमलताबाई गायला लागायच्या. माझा लाल दिवा लुकलुकायचा, बाबूंचं बोट स्टिअरिंगवर ठेका धरायचं. पोळी जळाली की बोट थांबायचं. घरी मात्र एक अक्षर नाही. सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का?

शेवटी दसऱ्याला त्यांनी मनाचा हिय्या केला. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, "प्रेमा, पुढं बस. तुले काही ऐकवतो." त्या लाजत, बुचकळ्यात पडत बसल्या.

पण ऐकवण्याआधी पूजा. पाना, जॅक, चावी, सगळ्यांना पाण्यात कालवलेलं कुंकू. मग बाबूंनी मला हातात घेतलं. इतक्या हळुवार हातानं मला कोणीच धरलं नव्हतं. त्यांनी भरलं बोट माझ्या तोंडावर टेकवलं, जिथून मी टेपशी बोलतो तिथंच. वर अक्षता. आणि तसंच ओलं मला टेपात खुपसलं.

दिवा एकदा लागला. मग जळका वास.

संकेत धावत आला. "बाबा, याले काहून कुंकू लावलं? अन् थेबी तोंडात?"

"लोखंड हाये ना थे. दसऱ्याले लोखंड पूजतेत."

"आईची गाणी होती त्याच्यात! दुसरीकडं कुठंच नाहीत!"

"मले मालूम हाये," बाबू म्हणाले. "रोज ऐकतो मी."

प्रेमलताबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या हसल्या, आवाजाशिवाय. मला टेपातून काढलं आणि पदराच्या टोकानं माझं तोंड पुसत बसल्या. कॅफेतल्या कुठल्याही कॉम्प्युटरनं मला पुन्हा ओळखलं नाही.

आता मी देवघरात असतो, बाळकृष्णाच्या शेजारी. बाबू रोज एक फूल ठेवतात. कुंकू मात्र कोरडं लावतात, आता अक्कल आली! मला फूल नको. तुमच्या घरात कोणी गात असेल तर आत्ता उठा आणि तो टीव्ही बंद करा.

गुणाकरबाबूंना बायकोचा आवाज आता कुठंच ऐकायला मिळत नाही.